बिननावाचा डोह

प्रेंटिस नदीला नाव दिलंय ते एका लॉर्डाचं. त्या लॉर्डानं ही नदी जन्मात कधी पाहिली नाही, आणि पाहिली असती तर ‘हिला नदी म्हणता होय?’ असं विचारून नाव परत मागितलं असतं. वर्षातले बहुतेक दिवस ती कोरडी ठणठणीत. पांढऱ्या वाळूचा पट्टा, दोन्ही काठांना गमची, म्हणजे निलगिरीच्या जातीची, जुनी झाडं, त्यांच्यावर कलकलाट करणारे काकाकुवे, आणि मधूनमधून डोह. बाकीच्या नद्या समुद्राला जाऊन मिळतात. आमची बया समुद्राकडं पाठ करून वाळवंटात शिरते आणि तिथंच एका खाऱ्या तळ्यात जीव सोडते. पण वर उत्तरेला कुठं पाऊस झाला की हीच नदी मैलच्या मैल पसरते, आणि तेव्हा आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपका नसतो. निळ्या आभाळाखाली, कडकडीत उन्हात पूर येतो. म्हणून इथं माणसं बुडतात.

आणि बुडालेल्या माणसाचं नाव डोहाला लावतात. ही आमच्याकडची रीत. कुणी ठरवली नाही, कुणी मोडली नाही. हॅनिगनचा डोह, टपालवाल्याचा डोह, चिनी माळ्याचा डोह, दोघी बहिणींचा डोह. काठाकाठानं खाली जायचं म्हणजे कबरीवरच्या पाट्या वाचत जायचं. सवयीनं त्याचंही काही वाटत नाही. ‘मेंढरं कुठंयत?’ ‘हॅनिगनवर.’ हॅनिगन कोण, कुठला, त्याच्यामागं कोण रडलं, हे कोण विचारतंय!

नाव नव्हतं ते फक्त एका डोहाला. मेंढ्यांच्या मोठ्या वाडीच्या अगदी खालच्या टोकाला, कुंपणवाल्याच्या पत्र्याच्या घरासमोर. आणि नेमकी त्याच घरात थेल्मा नांदायला आली.

रेल्वेच्या गावातल्या पाववाल्याची ही मुलगी. पाणी पाहिलं होतं ते नळाचं. नवरा व्हर्न कुंपणवाला, म्हणजे मैलोन्‌मैल तारा ओढायच्या, पुरानं तोडल्या की पुन्हा ओढायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिनं लोकर कातरणाऱ्या गड्यांना जेवायला बोलावलं. मटण, बटाटे, निखाऱ्यात भाजलेला पाव, त्यावर काकवी. जेवता जेवता तिनं सहज विचारलं, “समोरच्या डोहाला काय म्हणतात हो?”

गडी एकमेकांकडं बघून हसले. त्यातला म्हातारा, जॅगो नावाचा, दाढीतली काकवी पुसत म्हणाला, “त्याला नाव नाही, पोरी. त्याचं माणूस अजून यायचंय.”

सगळे खो खो हसले. व्हर्नही हसला. थेल्मा मात्र हसली नाही. त्या दिवशी मनात शिरलेली भीती पुढं आयुष्यभर तिथंच बसली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. पण थेल्माचा ब्रह्मराक्षस पाठीमागं नव्हता, दारासमोर होता. भांडी घासताना खिडकीतून दिसायचा. धुणं वाळत घालताना दिसायचा. वारा नसला की त्याचं पाणी हलायचं नाही, आणि ते तिला सगळ्यात वाईट वाटायचं. कुणी श्वास रोखून बसल्यागत. व्हर्न कामाला निघाला की ती रोज तेच विचारायची.

“कुठनं जाणारेस?”

“वरनं.”

“डोहावरनं नको हं.”

“अगं, डोह ओलांडून घोडं कोण नेतं? मला काय पंख फुटलेत?” तो टोपी डोक्यावर आपटायचा. “थेल, तो जॅगो गंमत करत होता. त्या माणसानं सासू मेल्याची बातमीसुद्धा गंमत म्हणून सांगितली होती.”

“मग हॅनिगन पण गंमत म्हणून बुडाला का?”

व्हर्न घोड्यावर टांग टाकायचा. तो निघून जायचा, आणि संध्याकाळी घोड्याच्या टापा ऐकू येईपर्यंत थेल्माचा जीव टांगणीला.

मग नोरीन झाली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. आता भीती दुप्पट झाली. पोरगी रांगायला लागली तशी थेल्मानं तिच्या कमरेला मेंढीची घंटा बांधली. शेजारपाजारचे म्हणजे चार-पाच मैलांवरचे लोक यायचे आणि पोट धरून हसायचे. “थेल्मा, कोकराला कान टोचून खूण केलीस का नाही?” हसोत बापडे. घंटा वाजतेय तोवर पोर आहे, एवढं तिला कळत होतं. घंटा थांबली की हातातलं टाकून ती बाहेर धावायची. कित्येकदा दूध उतू गेलं, पाव जळले, एकदा तर पदार्थ ढवळायचा लाकडी चमचा हातात घेऊन ती अनवाणी काठापर्यंत गेली होती. पोरगी कोंबड्यांच्या खुराड्यात झोपलेली सापडली.

एक गोष्ट मात्र खरी. त्या डोहात कुणी उतरत नव्हतं. भर उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, कातरणारे गडी घामेघूम अंगानं मैलभर चालत हॅनिगनवर आंघोळीला जायचे. “हॅनिगनचं पोट भरलंय,” म्हणायचे. “हा अजून उपाशी आहे.” बोलताना थट्टा करायचे, पण पाय कुणाचा पाण्यात पडत नव्हता. घोडीसुद्धा काठावर पाणी पाजून मागं घ्यायचे.

डल्सी वाडीच्या मालकिणीकडं धुण्याला होती. या नदीवर डल्सीचे लोक लॉर्डाच्या आणि त्याचं नाव घेऊन आलेल्या गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासूनचे. थेल्माची आणि तिची चांगली गट्टी. एकदा चादरी पिळता पिळता थेल्मानं मनातलं विचारलं. “डल्सी, तुमच्यात या डोहाला नाव असेल ना गं?”

“आहे की.”

थेल्माच्या हातातली चादर सुटली. “मग सांग ना!”

“मी कशी सांगणार? ते माझं नाही सांगायचं. मावशीच्या घराण्याकडं आहे ते. आणि मावशी काय गोळ्या वाटल्यासारखी नावं वाटत फिरत नाही.”

“एवढंच सांग, कुणी बुडालंय का त्याच्यात? त्यावरनं नाव पडलंय का?”

डल्सीनं चादरीचं टोक झटकलं. “बुडण्याचा काय संबंध? पाण्याला भूक नसते, थेल्मा. माणसं बेसावध असतात. तुमची जरा जास्तच असतात. आणि मग पाण्याला नावं ठेवता.”

थेल्माला ते पटलं. डोक्याला पटलं. पण भीती काय डोक्याचं ऐकते?

नोरीन शाळेच्या वयाची झाली त्या साली नकाशेवाला आला. पेटिग्रू नावाचा लांबुडका, उन्हानं नाक सोललेला माणूस. सरकारला प्रेंटिसचा नवा नकाशा काढायचा होता. त्यानं कुंपणवाल्याच्या घरामागं तंबू ठोकला, आणि थेल्मानं त्याला चहा-जेवण दिलं. जेवून झाल्यावर त्यानं टेबलावर कागद पसरला. सगळे डोह निळ्या पेन्सिलीनं काढलेले. व्हर्न एकेक नाव सांगत होता, तो लिहीत होता.

“आणि हा समोरचा?”

“त्याला काही नाही, मित्रा. तो रिकामाच आहे.”

“रिकामा कसा चालेल?” पेटिग्रू म्हणाला. “बारमाही पाणी आहे. नकाशावर नाव लागेल. काहीतरी सांगा.”

“गाढवाचा डोह लिहा,” व्हर्न हसत म्हणाला. “नाहीतर तुमचंच घाला. पेटिग्रूचा डोह. पण मग परत जाताना जरा जपून.”

थेल्मा बशा विसळत होती. तिचे हात थांबले. इतकी वर्षं तिला हे कसं सुचलं नव्हतं? नाव लागलं की भूक संपली! नाव लावायला कुणी बुडायलाच हवं असं थोडंच आहे? तिनं भराभर मनात माणसं धुंडाळली. आजोबांचं नाव द्यावं, तर आजोबा खाटेवर मेले; डोह असा फसायचा नाही. मेलेल्या परक्या माणसाचं द्यावं, तर तेही उष्टंच. त्याला नदीकाठचं, जिवंत, हक्काचं माणूस हवं होतं. दारातून नोरीनचा आवाज येत होता. ती कुत्र्याला दामटून पाढे शिकवत होती.

“थेल्मा,” ती म्हणाली. “थेल्माचा डोह लिहा.”

व्हर्नचं हसू मावळलं. “अगं, वेड लागलंय का तुला?”

“लिहा तुम्ही, मिस्टर पेटिग्रू.”

पेटिग्रूनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. पण त्याला कागद भरायचा होता. त्यानं लिहिलं.

तो तंबूत गेल्यावर व्हर्ननं तिला दंडाला धरून चुलीपाशी ओढलं. “तुला पोहता तरी येतं का गं?”

“नाही. म्हणूनच.” ती म्हणाली. “त्याला कुणाचं तरी नाव लागणारच असेल तर माझं लागू दे. नोरीनचं नको. तुझं नको. माझं चालेल.”

व्हर्ननं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

त्या दिवसापासून थेल्मा स्वतःसाठी भ्यायला लागली. हे नवीनच होतं. पाणी आणायला आता ती बादली देऊन व्हर्नलाच पाठवायची. धुण्याची दोरी तिनं घराच्या मागच्या बाजूला बांधून घेतली. खिडकीला पडदा लावला. आपलं मरण समोर अंथरून ठेवलंय आणि आपण रोज त्याच्या काठावर भाजी चिरतोय, असं तिला वाटायचं. पण पोर वाचली, या एका विचारावर ती तग धरून होती.

छापील नकाशा आला. दुकानाच्या भिंतीवर चिकटवला. लोक येता-जाता बोट ठेवून वाचायचे. “काय थेल्मा! बाकीच्यांना मरावं लागलं, तू फुकटात डोह मिळवलास की!”

आणि मग ती गोष्ट घडायला लागली, जी तिच्या स्वप्नातही आली नव्हती. लोक डोहात उतरायला लागले.

आधी कातरणारे गडी. मैलभर चालायची आता गरजच काय? नाव लागलं, छापून आलं, सरकारी शिक्का बसला. डोह जेवला. मग वाडीच्या मालकाच्या दोन मुली. मग, कहर म्हणजे, खुद्द व्हर्ननं गमच्या फांदीला जाड दोर बांधला, पोरांना झोके घेत पाण्यात उड्या मारायला. थेल्मा मागच्या अंगणात धुणं घालत होती, पडद्याआड भाजी चिरत होती. नोरीन आईला चुकवून गुपचूप जायची, म्हणून तिला महिनाभर पत्ताच नव्हता. कळलं तेव्हा तिचं धाबं दणाणलं.

“तो दोर काढ! आत्ताच्या आत्ता काढ!”

“अगं, आता कशाला?” व्हर्नला खरंच कळत नव्हतं. “तूच तर मिटवलंस ना ते. त्याला नाव आहे आता.”

“आई, तो तुझा डोह आहे,” नोरीन म्हणाली. केस ओले, गाल लाल, डोळ्यांत हसू. “तुझा डोह मला काय करणार?”

थेल्मानं तिच्या थोबाडीत मारली. पोरीला आईनं कधी बोट लावलं नव्हतं. दोघीही रडल्या, आणि दोर काही निघाला नाही. कारण मालकाच्या मुलींना तो आवडला होता आणि व्हर्नची नोकरी मालकाकडं होती.

ती डल्सीकडं गेली. “मी काय करून बसले गं?”

“कुत्र्याला नाव ठेवलं म्हणून ते चावायचं सोडतं का?” डल्सी म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. “इतकी वर्षं कुणी बुडालं नाही, कारण तुम्ही भीत होता. तेवढं एकच शहाणपण होतं तुमच्याकडं. तेही तू पुसलंस.”

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो असा. थेल्माला त्यानंतर धड झोप लागली नाही.

उत्तरेत पाऊस झाल्याचा फोन आला. वरच्या वाडीनं मधल्या वाडीला कळवलं, मधल्या वाडीनं आम्हाला. मोठा पूर नव्हता. निळ्या आभाळाखाली तपकिरी पाणी आलं, कुंपणं लोळवून गेलं, ओसरलं. काठाला रोवलेल्या काठ्यांवरनं व्हर्ननं पाहिलं, पाणी उतरतंय. पोरं पुन्हा डोहाकडं पळाली; मालकाच्या मुलींनी बोलावलं की नोरीन आईचं ऐकत नव्हती. व्हर्न तुटल्या तारा बघायला वर गेला होता.

थेल्मा मागच्या अंगणात होती. डल्सी मदतीला आली होती. डोहाकडून पोरींचं हसणं ऐकू येत होतं. धपकन उडी, मग किंचाळी, मग हसू. पुन्हा उडी. किंचाळी. हसू. थेल्माचे कान तिकडंच लागलेले. पुन्हा एक उडी.

हसू आलं नाही.

ती धावली. उशीचा अभ्रा हातातच राहिला. काठावर मालकाच्या दोघी मुली एकमेकींना धरून उभ्या होत्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. तपकिरी पाण्यात नोरीनचा हात वर आला, बोटं फाकली, पुन्हा गेला. पुरानं व्हर्नचं कुंपण मोडून आणलं होतं आणि तारांचं ते भेंडोळं बुडलेल्या झाडाला गुंडाळून आत बसलं होतं. पोरीचा पाय त्यात अडकला होता.

थेल्माची पाचावर धारण बसली. हे पाणी. हेच. वर्षानुवर्षं जे खिडकीतून बघितलं, ते हेच. तिनं तोंड उघडलं आणि स्वतःलाही अनोळखी वाटावा अशा आवाजात ती ओरडली, “मी आहे ना! मला घे! नाव माझं लिहिलंय, मला घे!”

आणि अभ्रा काठावर टाकून ती चालत आत गेली. एका हातानं झोक्याचा दोर धरला होता. चिखल निसरडा, दोन पावलांत जमीन संपली. पाणी तोंडात, नाकात, डोळ्यांत. ती मरणार हे तिला ठाऊक होतं. तिनं दोर सोडला नाही एवढंच, बाकी कशाचाच विचार केला नाही. मोकळा हात तिनं पाण्याखाली फिरवला. केस लागले. तिनं मुठीत धरले आणि वर ओढले. नोरीनचं तोंड पाण्याबाहेर आलं, निळं पडलेलं. पाय सुटत नव्हता. थेल्मा तिचं तोंड वर धरून राहिली आणि स्वतः बुडत राहिली, वर येत राहिली. तेवढ्यात डल्सी तिच्या बाजूनं पाण्यात शिरली, बुडी मारली, वर आली, पुन्हा बुडी मारली. तारेनं तिचे हात कापले. तिसऱ्या खेपेला पाय सुटला.

नोरीन काठावर पालथी पडून ओकत होती, खोकत होती. थेल्मा तिच्या पाठीवर आडवी पडली आणि तिला धरून राहिली. “मला घेतलं नाही,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “डल्सी, मला का नाही घेतलं?”

“गप बस,” डल्सी रक्ताळलेल्या हातांना अभ्रा गुंडाळत म्हणाली. “अंगात दम ठेव. पोरीला घरी न्यायचंय.”

संध्याकाळी व्हर्ननं दोर कापला. कापताना तो लहान मुलासारखा रडला, कारण ती तार त्याचीच होती. थेल्माला वाटलं, आता तरी माणसं शहाणी होतील.

कसली शहाणी! पोरीचा पाय बरा होतोय न होतोय तोच गडी पुन्हा पाण्यात. “बघा,” म्हणाले, “थेल्माला घेतलं नाही, तिच्या पोरीला घेतलं नाही. हा डोह देवमाणूस आहे.” वाचलेल्या पोरीनं त्यांची उरलीसुरली भीतीही घालवली. थेल्मानं नकाशेवाल्यांना नाव पुसायला सांगितलं, तर छापलेलं पुसता येत नाही म्हणून कळवलं. ती काठावर उभी राहून ओरडायची, शिव्या द्यायची, दगडसुद्धा मारायची. लोक हसायचे. भित्री थेल्मा! वर्षं गेली, रस्ता डांबरी झाला, शहरातली माणसं सुट्टीत घरासारख्या गाड्या ओढत यायला लागली, काठावर मुक्काम करायला लागली. त्यांना तर काहीच ठाऊक नव्हतं. नकाशावर नाव दिसायचं आणि पोरं चड्डीवर पाण्याकडं पळायची.

असंच एकदा एक तरुण जोडपं आलं. दोन चिमुरडी पोरं, धाकटं जेमतेम चालणारं. बापानं विचारलं, “आजी, पाणी खोल आहे का हो?” खोल आहे म्हटलं तर हा म्हणणार, आम्ही काठावरच राहू. तारा आहेत म्हटलं तर म्हणणार, बघून जाऊ. तिनं त्या धाकट्याकडं बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

“थेल्मा बुडाली इथं.”

बापानं पोराचा दंड घट्ट धरला. “कधी?”

“झाली बरीच वर्षं. पुरात. मुलीला काढायला गेली होती. सापडलीच नाही हो. अजून आतच आहे.”

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. एकही पाय पाण्यात पडला नाही. मागं लाकडं फोडत उभ्या असलेल्या व्हर्ननं सगळं ऐकलं होतं. तो कुऱ्हाड टाकून आत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“अगं थेल, स्वतःलाच मारून टाकलंस?”

“कुणाला तरी मारायलाच हवं होतं,” ती म्हणाली. “माझं नाव आयतंच लिहिलेलं होतं.”

पुढं व्हर्न गेला, शहरातल्या इस्पितळात, म्हातारपणानं. नोरीननं आईला कितीदा बोलावलं, पण ती पत्र्याचं घर सोडायला तयार नव्हती. गाडी आली की काठी टेकत जायची आणि थेल्माचं मरण सांगायची. दर वेळी थोडं जास्त सांगायची. पाणी तोंडात कसं शिरलं, चिखल पायाखालून कसा सरकला. ते सांगताना तिचा आवाज खरंच कापायचा, म्हणून ऐकणाऱ्याला शंका यायची नाही. इतक्या वेळा बोलल्यावर एखाद्या पुरात ते खरं होईल, अशी तिला धास्ती होती.

परवाच्या सुट्टीत तीन पोरांना घेऊन आलेल्या एका बाईनं सगळं ऐकून डोळे पुसले. “बिचारी! तुम्ही ओळखत होता तिला?”

“ओळखत होते,” थेल्मा म्हणाली. “फार भित्री होती.”

सकाळी ती बाहेर आली तर काठावर जॅमच्या रिकाम्या डब्यात रानफुलं ठेवलेली, आणि एका पुठ्ठ्यावर पोरांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत तिचं नाव. तिला वाटलं, डबा लाथाडून द्यावा आणि ओरडून सांगावं की अरे, मी आहे अजून, मी इथं उभी आहे. तिनं गाडीकडं पाहिलं. तिन्ही पोरं आईला बिलगून बसली होती, पाण्याच्या वाऱ्यालाही उभी नव्हती. फुलं सुकतील म्हणून थेल्मानं डबा गमच्या सावलीत सरकवला आणि जीव मुठीत धरून, पाण्याकडं न बघता, घराकडं वळली.